बनाबाईंनी ओढा धुतला

ओढ्यात उतरण्याआधी बनाबाई आपल्या चपला काठावरच्या उंबराच्या एका ठरावीक मुळीवर ठेवतात. गेली चव्वेचाळीस वर्षं तीच मुळी. चपला ठेवून ठेवून तिथलं साल गुळगुळीत झालं आहे, आणि उंबरानेच ती दोन पावलांची जागा करून दिल्यासारखी वाटते.

चंदगड तालुक्यातल्या जांभळेवाडीत त्या अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत, कारण त्यांचं माहेर बेळगावकडचं आणि कानडीत आईला अव्वा म्हणतात. अव्वांनी नव्या सुनेला चुलीच्या आधी ओढा दाखवला. खेकडं कशी धरायची ते शिकवलं. दगड दोन्ही हातांनी सावकाश उचलायचा, खाली बघायचं, मोठी तेवढी घ्यायची, पोटाशी पिल्लं असलेली सोडायची. मग शेवटी म्हणायच्या, "आता दगड जसा होता तसाच निजव." सुनेनं दगड नुसता टाकला तर अव्वा काही बोलत नसत. त्या स्वतः वाकून तो दगड पुन्हा उचलत आणि नीट ठेवत. बनाबाईंना त्याचीच जास्त लाज वाटे.

तेव्हापासून बनाबाईंनी एकही दगड उलटा ठेवलेला नाही. दगडाची वरची बाजू शेवाळाने हिरवी असते, खालची पिवळट. ती खूण बघून त्या अंधारातही दगड बरोबर ठेवतील असं वाडीत म्हणत. खेकड्यांशिवाय दगडाच्या पोटाला आणखीही कितीतरी जीव चिकटलेले असतात. त्यांना कुणी नावं ठेवलेली नव्हती, म्हणून बनाबाईंनी ठेवली. बारीक खडे एकमेकांना चिकटवून नळीसारखं घर करून राहणारी अळी म्हणजे घरकरी. दगडाला गोल टिकलीसारखा बसणारा किडा म्हणजे टिकली. तीन शेपट्यांची, दगडावरून सर्रकन सरकणारी ती चपटी. चतुराच्या पिल्लांना मात्र त्या नुसतं 'चोर' म्हणत, कारण ती पाल्यात लपून बाकीच्यांना खातात. ह्यांतलं एकही विकलं जात नाही की खाल्लं जात नाही. पण चपट्या असल्या की मासे असतात, घरकरी असले की खेकडं असतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

ओढ्याचा हा असा भरलेला भाग आता थोडाच उरला होता. वरच्या अंगाला तीन वर्षांपूर्वी मशीन घालून ओढा खोल आणि सरळ केला होता. दगड निघून बांधकामाला गेले, आणि राहिला तो मातीच्या दोन भिंतींमधला पाट. खाली पुलाजवळ डोह आणि गाळ. मधली चाळीस पावलं तेवढी दगडांची. तिथे पाणी आवाज करतं, म्हणून त्या जागेला सगळे खळखळ म्हणतात. खळखळीच्या तोंडाशी रानातला एक वीतभर रुंदीचा झरा येऊन मिळतो.

आता ती चाळीस पावलंही जायची होती. पुलाजवळच्या भातखाचरांत दर पावसाळ्यात पाणी घुसायचं, आणि सगळ्यात जास्त घुसायचं ते बाळासोंच्या खाचरात. बाळासो बनाबाईंचे भावकीतले दीर. माणूस तोंडाने फटकळ, पण दोन वर्षं रोप लावून वाहून गेलेलं ज्याने बघितलं आहे त्याचा राग समजण्यासारखा असतो. पाणी सरळ निघून जावं म्हणून खळखळ खोदायचा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत येणार होता.

बनाबाई सरपंचाकडे गेल्या. सरपंच विश्वजित, बत्तिसाचा, कोल्हापुरात शिकून आलेला.

"काकी, तुझं मला पटतंय," तो म्हणाला. "पर सभेत 'खेकडं जातील' म्हटलं की लोक हसत्यात. कागद पायजे. माझ्या कॉलेजात दोन वर्षं पुढं एक अनुजाताई हुत्या, कसबा बावड्याच्या. त्या आता हेच शिकवत्यात, ओढ्यातलं किडं. त्यांना बोलवूया. त्यांना वरचा खोदलेला भाग आन् आपली खळखळ दोन्ही मोजू दे. कागदात जे येईल ते सभेत वाचायचं."

"आन् कागदात काय न्हाईच आलं तर?"

"तर मशीन येईल," विश्वजित म्हणाला. तो खोटं बोलत नसे, हा त्याचा गुण होता आणि कधीकधी अडचणही.

अनुजाबाई सहा जानेवारीला येणार असं ठरलं. ही बातमी वाडीत पसरली, आणि दुधाच्या डेअरीपुढे बाळासोंनी बनाबाईंना चारचौघांत गाठलं.

"काय वं वैनी, कोल्हापूरची मॅडम येणार म्हणं वड्याला बघायला! स्थळ आल्यागत!"

"येऊ द्या की. तुमच्या पोटात का दुखतंय?"

"दुखत न्हाई. पर दावणार काय तिला? शेवाळ आन् कुजका पाला? पावण्यांम्होरं वाडीची अब्रू घालवू नगा म्हंजे झालं."

सगळे हसले. बनाबाईही हसल्या आणि किटली घेऊन घरी आल्या. पण ते बोलणं काट्यासारखं आत राहिलं. संध्याकाळी त्या ओढ्यावर गेल्या आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ओढ्याकडे परक्याच्या नजरेने बघितलं. खरंच की! दगडांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ. खोबणींत जांभळाचा आणि उंबराचा काळा पडलेला पाला. कडेला कुजकी काटकी अडकलेली. पाहुणा यायचा म्हटलं की माणूस अंगण सारवतो, भांडी घासतो, पोरांची नाकं पुसतो. आणि इथे तर एवढी शिकलेली बाई मुद्दाम ओढा बघायला येणार होती.

तीन, चार आणि पाच जानेवारी असे तीन दिवस बनाबाई कंबरेत पदर खोचून ओढ्यात होत्या. त्यांनी सगळा पाला टोपलीने काढून उकिरड्यावर नेला. नारळाच्या काथ्याने एकेक दगड घासला. लहान दगड काठावर ओळीने रचले, मोठे जागच्या जागी धुतले, मधली वाळू हाताने सारखी केली. तिसऱ्या दिवशी दुपारी कंबर धरून त्या उभ्या राहिल्या तेव्हा ओढा असा लख्ख दिसत होता, की तळातला खडान् खडा मोजावा. अव्वा असत्या तर बघून काय म्हणाल्या असत्या, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना वाटलं, शाबासकी दिली असती.

अनुजाबाई सकाळच्या एसटीने आल्या. पस्तिशीची, उंच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बोलायला मोकळी. चहा होईपर्यंत तिने बनाबाईंना मावशी करून टाकलं. तिच्याकडे फूटभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट होती आणि चौकटीला मागे बारीक कापडाची पिशवी. ती चौकट ओढ्याच्या तळावर दाबून धरायची, आतले दगड हाताने चोळायचे, तळ ढवळायचा, म्हणजे सुटलेले जीव पाण्याबरोबर पिशवीत जातात. मग ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्याने वेगळे करायचे आणि मोजायचे.

वरच्या खोदलेल्या भागात पाच जागी चौकट लावली. सगळे मिळून नऊ जीव निघाले. त्यांतले सात गाळातले तांबडे किडे.

"बघा," बनाबाई म्हणाल्या. "तिथं हेच असतंय. आता चला खळखळीला."

खळखळ बघून अनुजा काठावरच थांबली. "किती स्वच्छ आहे हो मावशी," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकापेक्षा काहीतरी वेगळं होतं, पण बनाबाईंना त्या दिवशी फक्त कौतुक ऐकू आलं.

पहिली चौकट. ट्रेमध्ये दोन चपट्या. दुसरी चौकट. एक गोगलगाय. तिसऱ्या वेळी ट्रेमध्ये नुसती वाळू पडली. बनाबाई ट्रेवर इतक्या वाकल्या की त्यांच्या नाकाचं पाणी त्यात पडेल असं वाटलं. टिकली एकही नव्हती, घरकरी तर नव्हताच. पाच चौकटी मिळून चौदा जीव निघाले.

अनुजाने वहीत आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली.

बनाबाईंना कळायला ट्रे पुन्हा बघावा लागला नाही. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. काथ्याने घासून घासून बोटांची टोकं अजून लाल होती.

दुपारी नाचणीची भाकरी आणि घेवड्याची आमटी त्यांनी वाढली. अनुजा जेवता जेवता म्हणाली, "मावशी, खरं सांगू? ओढा दिसायला देखणा आहे, पण आत कुणी राहत नाही. खोदलेल्या भागात नऊ, इथे चौदा. मी वेगळं काय लिहू?"

"जे हाय ते लिवा," बनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाहुणीच्या ताटात नको असताना आणखी एक भाकरी टाकली.

सांगावं तर सगळी वाडी हसणार. ओढ्यातलं सगळं कळतं म्हणून जिची ओळख, तिनेच ओढा धुऊन टाकला! बाळासोंना तर वर्षभर पुरेल एवढं झालं असतं. न सांगावं तर सव्वीस तारखेला चौदा हा आकडा वाचला जाईल आणि दुसऱ्या दिवशी मशीन येईल. भांडी घासताना, पाहुणीला कोकमं बांधून देताना, स्टँडपर्यंत तिची पिशवी घेऊन चालताना हेच त्यांच्या मनात घोळत होतं. चारची गाडी आली. अनुजाने वाकून नमस्कार केला आणि पायरीवर पाय ठेवला. बनाबाईंनी पिशवी सोडली नाही.

"उतर बाई खाली," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"मीच धुतलाय."

"काय धुतलंय?"

"वडा धुतलाय! तू येणार म्हणून. तीन दिस घासत बसलो. पाला काढला, शेवाळ काढलं, सगळं काढलं की गं!"

"मावशी, चढायचं हाय का न्हाय?" कंडक्टर खिडकीतून ओरडला. "वडा धुवा न्हाईतर डोंगर धुवा, मला गडहिंग्लज गाठायचं हाय!"

अनुजा उतरली. गाडी गेली.  मग अनुजा तिथल्या दगडी कट्ट्यावर बसली आणि हसू लागली, आणि हसता हसता गंभीर झाली.

"शेवाळ त्यांचं खाणं," ती म्हणाली. "कुजका पालाही. दगडांच्या सांदी म्हणजे त्यांची घरं. पाणी जोरात असलं तरी सांदीत ते टिकतात."

"मला सांगतीस व्हय? मलाच ठावं हुतं की सगळं. ठावं असून केलं. पावणी येणार म्हटल्यावर डोकंच चाललं न्हाई."

"परत येतील?"

बनाबाईंनी जरा विचार केला. मोठ्या पुरानंतर दगड असेच बोडके होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. "वरनं पाण्याबरोबर येत्यात," त्या म्हणाल्या. "आता वर खोदलंय, तिथनं काय येणार? पर रानातला झरा हाय. त्यातनं येतील. खोल वाळूत दडलेलीबी असतील थोडी. आन् उडणारी येऊन अंडी घालतील. मला अठरा-वीस दिस दे."

"चोवीसला येते," अनुजा म्हणाली. "पण एक सांगते. आजची मोजणी मला फाडून टाकता येत नाही. दोन्ही मोजण्या लिहाव्या लागतील, आणि मधे काय झालं तेही."

"म्हंजे मी धुतला ते?"

"हो."

"नावानिशी?"

"तुम्ही म्हणाल तर नाव नाही घालत."

बनाबाई हसल्या. "वाडीत दुसरी कोण हाय एवढी खुळी? घाल नाव."

त्या रात्री अनुजा त्यांच्याकडेच राहिली आणि सकाळच्या गाडीने गेली.

दुसऱ्या दिवसापासून उलटं काम सुरू झालं. काठावर रचलेले दगड परत पाण्यात न्यायचे होते, आणि इथे बनाबाई अडल्या. घासलेल्या दगडाला हिरवी बाजू नव्हती आणि पिवळी बाजूही नव्हती. वर कोणतं अंग, खाली कोणतं, हे सांगणारी खूण त्यांनीच पुसली होती. मग त्या दगड हातात घेऊन फिरवत बसत. ह्याला इथे खोबण आहे, म्हणजे हे पोट. हा चपटा, म्हणजे हा त्या मोठ्याला टेकून होता. काही दगड हाताला ओळखीचे लागले, काही लागले नाहीत. ओळखीचे न लागलेले त्यांनी अंदाजाने ठेवले आणि प्रत्येक वेळी मनात अव्वांना सांगितलं, की चुकलं तर चुकलं.

उकिरड्यावरचा पाला तर शेणात मिसळून गेला होता. त्यांनी जांभळाखालचा नवा पाला गोळा केला, डोहाच्या कडेला दगडाखाली दाबून चार दिवस भिजवला आणि मग तो खळखळीतल्या सांदीत मुठी-मुठीने खोवला.

पुलावरून बाळासो बघत होते. "वैनी, आता काय, दगडं पेरताय व्हय?"

"व्हय. उगवलं की तुमाला देतो एक वाटा."

"आधी काढायचं, मग घालायचं. रोजगार हमी सुरू केलीया जणू!"

बनाबाईंनी पुढचा दगड उचलला. बाळासोही मग फार वेळ थांबले नाहीत.

पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. दहाव्या दिवशी दगडांवर बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं, आणि ज्या बुळबुळीतपणाची त्यांना पंधरवड्यापूर्वी लाज वाटली होती त्याला त्यांनी दोनदा हात लावून बघितला. बाराव्या दिवशी झऱ्याच्या तोंडाशी एका दगडाखाली एक घरकरी सापडला. त्याची नळी अर्धीच झाली होती. त्यांनी दगड इतक्या हळू खाली ठेवला की पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही.

चोवीसला अनुजा आली. पाच चौकटी, त्याच जागी. ह्या वेळी ट्रे पुढ्यात घेऊन मोजायला दुपार झाली. एकशे सदतीस जीव, सोळा प्रकारचे. चपट्या सगळ्यात जास्त. घरकरी एकवीस. टिकल्या मात्र तीनच. "त्यांना वेळ लागतो," अनुजा म्हणाली. खोदलेल्या भागात पुन्हा चौकट लावली, तर तिथे अकरा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. बनाबाई बायकांमध्ये मागे भिंतीला टेकून बसल्या. विश्वजितने कागद वाचायला घेतला. खोदलेल्या भागात पहिल्या वेळी नऊ, दुसऱ्या वेळी अकरा. खळखळीत पहिल्या वेळी चौदा. इथे तो थांबला, त्याने घसा साफ केला, दोन ओळी डोळ्यांनी ओलांडल्या आणि म्हणाला, "आणि दुसऱ्या वेळी एकशे सदतीस."

"हे कसं काय?" बाळासो लगेच म्हणाले. "अठरा दिसात चौदाचं एकशे सदतीस? कुणी बाजारातनं आणून सोडलं का काय?"

विश्वजित कागदाकडे बघत राहिला. त्याने मागे काकीकडे बघितलं नाही, हा त्याचा चांगुलपणा होता.

"मधलं वाच की रं," बनाबाई मागून म्हणाल्या.

"काकी, ऱ्हाऊ दे..."

"वाच म्हणतो नव्हं! न्हाईतर मीच सांगतो." आणि त्या उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "मी धुतलावता वडा. मॅडम येणार म्हणून काथ्यानं घासलावता. भावजींनी म्हटलं की न्हाई डेरीवर, अब्रू जाईल म्हणून? मग अब्रू धुतली मी."

आधी बायकांत खसखस पिकली, मग पुरुषांत. एक म्हातारा तर डोळे पुसायला लागला. बनाबाई हसणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते, पण त्या बसल्या नाहीत.

"हसून झालं? मग ऐका. मी एक बाई, तीन दिस, आन् हातात काथ्या. तेवढ्यानं सगळं मेलं न्हाईतर पळालं. पर परत आलं. का आलं? दगडं तिथंच हुती म्हणून. वरच्या अंगाला तीन वर्सं झाली मशीन घालून. तिथं का न्हाई आलं?"

त्या बाळासोंकडे वळल्या.

"भावजी, तुमीच सांगा. तुमी रोज तिथनंच जाता."

बाळासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिथं आता हायच काय," ते म्हणाले. "नुसती माती. दरडी ढासळत्यात. तीच माती खाली येऊन पुलाच्या नळ्यांत बसती आन् पाणी तुंबतंय." एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आलं असावं.

"तर मग नळं मोकळं करूया की पहिल्यांदा," विश्वजित म्हणाला.

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठराव असा झाला, की मशीन आणायचं ते पुलाखालचा गाळ आणि नळे काढायला. खळखळीला हात लावायचा नाही. बाळासोंनी उठून बजावलं, "एक पावसाळा बघतो. खाचरात पाणी घुसलं तर फुडच्या सव्वीस जानेवारीला मीच मशीन मागणार. वैनीनं कितीबी भाषण करू दे."

"मागा," बनाबाई म्हणाल्या. "तवा बघू."

सभा उठल्यावर त्या ओढ्यावर गेल्या. चपला उंबराच्या मुळीवर ठेवल्या. मागे पावलं वाजली म्हणून वळून बघितलं, तर बाळासो धोतर वर धरून उतरत होते.

"दावा तरी," ते म्हणाले. "एकशे सदतीस, एकशे सदतीस. हाय तरी काय एवढं?"

बनाबाईंनी एक दगड उचलून त्यांच्या हातात दिला. बाळासोंनी चष्मा नाकावर सरकवला. दगडाच्या पोटाला खड्यांची एक नळी होती, करंगळीच्या नखाएवढी, आणि तिच्या तोंडातून एक काळं डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं.

"आयला," बाळासो म्हणाले. "ह्यो तर गवंडीच हाय की."

खूप वेळ बघून त्यांनी दगड पाण्यात ठेवला आणि हात झटकले.

"उलटा ठिवलासा, भावजी," बनाबाई म्हणाल्या.

बाळासो कुरकुरत पुन्हा वाकले आणि दगड फिरवून ठेवू लागले.